भिंतीवरचा जमाखर्च

तंजावरला जाऊन आलेल्या कोणालाही विचारावे, काय पाहिलेत? तो तीन गोष्टी हमखास सांगतो. पहिली, बृहदीश्वराच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. दुसरी, शिखरावरचा घुमट एकाच अखंड शिळेचा असून ती ऐंशी टनांची शिळा हत्तींनी मैलोगणती लांबीच्या उतारावरून ओढून वर चढवली. तिसरी, समोरचा दगडी नंदी दिवसेंदिवस वाढतच चालला होता, म्हणून त्याच्या पाठीत खिळा ठोकला. सावलीबद्दल मी स्वतःच सांगू शकते. ती पडते, सकाळी नऊ वाजता मी तिच्यात उभी होते आणि पायांना तेवढाच गारवा होता. घुमट एकसंध नाही, तो अनेक शिळा जोडून केलेला आहे, असे मोजमाप घेणाऱ्या अभ्यासकांनी दाखवले आहे. आणि हा नंदी मंदिर बांधणाऱ्या राजाच्या काळचाच नव्हे. तो पुढे नायकांच्या राजवटीत बसवला गेला.

या गोष्टी ऐकत माणूस वर पाहत राहतो. वर पाहण्यासारखे आहेच, त्यात शंका नाही. पण या देवळाचे खरे नवल कमरेच्या उंचीवर आहे. विमानाच्या जोत्यावर, कोनाड्यांच्या बाजूंना, आवाराच्या भिंतीवर, जिकडे पाहावे तिकडे बारीक तमिळ अक्षरे कोरलेली आहेत. त्यांत काय लिहिले आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

आमच्या इतिहास विभागाची अभ्यास-सहल या वर्षी तंजावरला गेली. मी माण तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडील मेंढरे राखतात. दिवाळीनंतर आमचा वाडा हलतो तो पावसाच्या तोंडाला परत येतो. सहलीच्या वर्गणीसाठी आबांनी दोन नर कोकरे विकली. हे येथे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे जो मेंढरांचा हिशेब येणार आहे तो मी कोणत्या डोळ्यांनी वाचला हे वाचकांना कळावे.

तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले गाव. चहूकडे भाताची शेते, कालवे, नारळी. माणसारख्या दुष्काळी भागातून गेलेल्या माणसाला ते पाणी पाहूनच गप्प व्हायला होते. येथे आधी चोळ राजे, मग सोळाव्या शतकापासून नायक, आणि सुमारे १६७५ पासून १८५५ पर्यंत भोसले. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी ही गादी स्थापली, हे आपण शाळेपासून वाचतो. मोठे देऊळ मात्र चोळांचे. राजराज पहिला याने ते बांधले आणि १०१० साली, आपल्या राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, शिखरावर कळस चढवला. हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो ते या लेखांमुळेच. एकोणिसाव्या शतकात लोकांमध्ये मंदिराच्या कर्त्याविषयी नाना कथा होत्या. डॉ. हुल्ट्श नावाच्या जर्मन पंडिताने भिंतींवरचे लेख उतरवून घेतले, वाचले आणि १८९१ पासून इंग्रजी भाषांतरासह छापले. आमच्या सरांनी सहलीआधी त्या भाषांतराची पाने काढून आम्हाला दिली होती. गाडीत बाकीची मुले गाण्यांच्या भेंड्या खेळत होती तेव्हा मी ती पाने वाचत होते. (भेंड्यांतही मी होते, पण मध्यरात्रीपर्यंतच.)

मंदिरात शिरताना दोन चोळकालीन गोपुरे ओलांडावी लागतात. बाहेरच्याचे नाव केरळांतकन. केरळचा अंत करणारा, असा त्याचा सरळ अर्थ. देवाच्या दारालाच युद्धाचे नाव आहे, हे लक्षात ठेवून पुढे जावे. आत गेल्यावर विस्तीर्ण आवार, चपला बाहेर ठेवलेल्या, आणि दगड तापलेला. काथ्याची पट्टी अंथरलेली असते, तिच्यावरून चालावे. मदुराईत किंवा श्रीरंगमला दारावरची गोपुरे उंच आणि गाभाऱ्यावरचे शिखर बुटके असते. येथे उलट आहे. गाभाऱ्यावरचे तेरा मजली विमान सुमारे दोनशे फूट उंच, आणि गोपुरे त्याच्यापुढे लहान. विमान आतून पोकळ आहे. गाभाऱ्याला दुहेरी भिंत आणि दोन भिंतींमध्ये प्रदक्षिणेचा बोळ. त्या बोळात चोळांच्या काळची भित्तिचित्रे आहेत. नायकांनी त्यांच्यावर स्वतःची चित्रे काढली होती. खालची जुनी चित्रे १९३१ साली उजेडात आली. तो भाग सर्वांना उघडा नसतो, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता लेखांकडे वळू. राजराजाने आपल्या राज्याच्या सव्विसाव्या वर्षी आज्ञा केली, की आम्ही जे दिले, आमच्या अक्काने जे दिले, आमच्या राण्यांनी जे दिले आणि इतरांनी जे दिले, ते सारे श्रीविमानाच्या दगडावर कोरावे. मूळ तमिळ लेखात ‘अक्कन’ असाच शब्द आहे. तो आपलाच. ही अक्का म्हणजे राजराजाची थोरली बहीण कुंदवै. तिने सोने दिले, मूर्ती दिल्या, त्यांत आपल्या आईवडिलांच्याही मूर्ती होत्या. राजाने तिचे नाव राण्यांच्या आधी घेतले आहे.

मग हिशेब सुरू होतो. दागिन्यांचे वजन दिले आहे, आणि ते दोरा, लाख, कोंदण धरून आहे की वगळून, तेही दिले आहे. मोत्यांची संख्या आहे, शिवाय गोल मोती किती, गोलसर किती, बारीक किती, ओबडधोबड किती. देवळाचे पैसे गावोगावच्या सभांना व्याजाने दिलेले होते. व्याज शेकडा साडेबारा, वर्षाला. कोणत्या गावाने किती मुद्दल घेतले आणि त्याच्या व्याजातून देवाला कोणता जिन्नस पुरवायचा, हे गाववार कोरलेले आहे. थोडक्यात, हे मंदिर म्हणजे त्या मुलखाची पेढी होती. पैसा आला कोठून, हेही लपवलेले नाही. काही सोने चेर आणि पांड्य राजांना हरवून आणलेल्या लुटीतले आहे. सत्याश्रयावर स्वारी करून परत आल्यावर राजाने सोन्याची फुले देवाच्या पायी वाहिली, असे लिहिले आहे. हा सत्याश्रय कल्याणीचा चालुक्य, म्हणजे आपल्या दख्खनचा राजा. दर्शनाच्या रांगेत उभे राहून हे आठवले की सोने जरा वेगळे दिसते.

मला सर्वांत अधिक गुंतवले ते दिव्यांच्या लेखांनी. देवापुढे अखंड दिवा हवा, आपण ज्याला नंदादीप म्हणतो तो. त्याला रोज तूप हवे. तूप राजवाड्यातून येत नव्हते. राजा किंवा एखादा सरदार एका दिव्यामागे शहाण्णव मेंढ्या देई. मेंढ्या नसतील तर अठ्ठेचाळीस गाई, किंवा सोळा म्हशी. म्हणजे दोन मेंढ्यांची एक गाय आणि तीन गाईंची एक म्हैस असा हा दर होतो. ही जनावरे मेंढपाळांच्या हवाली केली जात आणि त्यांनी ‘आडवल्लान’ नावाच्या मापाने ठरलेले तूप रोज आणून घालायचे. आडवल्लान हे नृत्य करणाऱ्या शिवाचे नाव. मापालाही देवाचे नाव होते, तेव्हा कमी घालण्याची सोय नव्हती.

दिव्याच्या मेंढ्यांना तमिळ लेखांत एक विशेषण लावतात. त्याचा अर्थ ‘न मरणारी, न म्हातारी होणारी मेंढरे’. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते काव्य वाटले. मुक्कामावरून रात्री आबांना फोन केला. त्यांचा वाडा तेव्हा सांगलीकडे कुठेतरी उसाच्या रानात बसलेला होता. मी त्यांना सगळे सांगितले, शहाण्णव मेंढरे, रोजचे तूप, न मरणारी मेंढरे. आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरी, मेंढीचं दूध आसतंय किती? आन् कोकरू काय पिणार?” आणि न मरणाऱ्या मेंढरांविषयी म्हणाले, “म्हंजी मेलं तर आपल्या पदरचं भरून द्यायचं. कळप मोजला की शहाण्णव भरला पायजे. ही तर सावकाराचीच बोली झाली की.”

अभ्यासकही तेच म्हणतात, भाषा निराळी एवढेच. कळपात जी वाढ होईल ती मेंढपाळाची, आणि जी मर होईल तीही त्याचीच. संख्या मात्र कधी घटायची नाही. म्हणून ती मेंढरे अमर. चांगल्या पावसाच्या वर्षी हा व्यवहार मेंढपाळाला परवडत असणार. रोगराईच्या वर्षी काय होत असेल ते दगडावर नाही. आमच्याकडे एखाद्या पावसाळ्यात निम्मे खांड बसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण एक गोष्ट त्या दगडावर आहे. मेंढपाळांची नावे आहेत. अमक्या गावचा अमका मेंढपाळ, आणि त्याच्याबरोबर जबाबदार म्हणून त्याचे भाऊबंद, असे क्रमाने. हजार वर्षे ती तशीच आहेत. आमच्या घरात माझ्या आजोबांच्या पलीकडचे नाव कोणत्याही कागदावर नाही. आज्जीचे नाव रेशनकार्डावर एक आहे आणि आधारकार्डावर दुसरे. मेंढपाळांची नावे राजाने प्रेमाने कोरली, असे मी म्हणणार नाही. देणेकऱ्याचे नाव वहीत असतेच. तरीही ती नावे मी बोटाने शोधत राहिले. लिपी मला वाचता येत नव्हती. तेथल्या एका तमिळ विद्यार्थ्याला विचारले, तर तोही दोनचार अक्षरांपलीकडे जाऊ शकला नाही. तमिळ लिपी हजार वर्षांत बरीच बदलली आहे.

दुसरी यादी बायकांची. ती आवाराच्या उत्तर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आहे. तिकडे सहसा कोणी जात नाही, कारण तेथून शिखराचा फोटो चांगला येत नाही. राजराजाने चोळ मुलखातल्या निरनिराळ्या देवळांतून चारशे स्त्रिया तंजावरला आणल्या आणि देवळालगत रस्ते वसवून त्यांना घरे दिली. लेखात त्यांना ‘तळिच्चेरीच्या स्त्रिया’, म्हणजे देवळाच्या वस्तीतल्या स्त्रिया, म्हटले आहे. ओळ कोणती, घर कितवे, नाव काय, कोणत्या गावच्या देवळातून आली, असे एकेकीचे लिहिले आहे. कोणी तिरुवैयारूची, कोणी तिरुवारूरची, कोणी नागपट्टिणमची. प्रत्येक नावाआधी ‘नक्कन’ हा शब्द येतो. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम साळीचा एक वाटा. ती मेली किंवा निघून गेली तर तिच्या जवळच्या नातलगाने वाटा घ्यावा आणि काम करावे. तो लायक नसेल तर दुसरी लायक व्यक्ती निवडावी.

या स्त्रियांना सरसकट पुढच्या काळातल्या देवदासी समजून वाचू नये, असे अभ्यासक बजावतात. पुढच्या काळात त्या प्रथेचे जे झाले आणि जिच्यावर मद्रास प्रांतात १९४७ साली कायद्याने बंदी आली, ते सारे १०१० सालावर लादणे बरोबर नाही, हे मला पटते. या स्त्रियांना घर होते, उत्पन्न होते, वारसा चालत होता. तथापि एक प्रश्न उरतोच. तिरुवारूरहून तंजावरला या, असे सांगितल्यावर यांतली एखादी ‘नाही’ म्हणू शकली असेल काय? लेख म्हणतो, राजाने आणल्या. विमानाच्या वरच्या मजल्यावर नृत्याच्या करणांची शिल्पे आहेत. एकशे आठांपैकी एक्याऐंशी कोरलेली, पुढचे सत्तावीस दगड कोरेच राहिले. त्या शिल्पांत नाचणारा स्वतः शिव आहे. नाचणाऱ्या बायका पाहायच्या तर खाली उत्तर भिंतीवर, आणि त्याही नावांच्याच रूपात.

त्याच लेखात पुढे नट्टुवन, गायक, वादक, छत्र धरणारे, दिवे लावणारे, पाणी शिंपडणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सोनार, कारकून यांचे वाटे आहेत. कोणाला पूर्ण वाटा, कोणाला अर्धा. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीचे घर परटाचे. तिने ती ओळ दोनदा वाचायला लावली.

मराठी वाचकाला येथे आपला लेख शोधावासा वाटणे साहजिक आहे. आवाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या ओवरीत तो आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत, दगडावर कोरवून घेतला. रचना बाबुराव चिटणिसांची. एवढा लांब शिलालेख जगात क्वचितच असेल. घरापासून इतक्या दूर, तमिळ गर्दीत आपली अक्षरे भिंतभर दिसली की छाती भरून येते. आमच्यापैकी काहींनी तेथे घोषणाही दिली. सरफोजींविषयी मला आदर आहे. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी जेवढे वाढवले तेवढे क्वचितच कोणा राजाने वाढवले असेल, आणि त्यातल्या मोडी कागदांवर अजून कित्येक वर्षे काम करता येईल. पण वाचायला बसल्यावर फरक लक्षात येतो. मराठी लेख राजघराण्याचा आहे. त्यात राजे, स्वाऱ्या, वारस. देवळाचा रोजचा गाडा कोण ओढत होते, हा त्याचा विषयच नाही. जो लेख मला वाचता येत होता त्यात माझ्यासारखी माणसे नव्हती, आणि जो वाचता येत नव्हता त्यात होती.

भोसल्यांची खूण शहरात इतरत्रही आहे. पूर्वेला थोड्या अंतरावर पुन्नैनल्लूरची मारिअम्मन आहे. व्यंकोजीराजांनी हे देऊळ बांधले असे सांगतात. देवी दगडाची नाही, वारुळाच्या मातीची. म्हणून तिला पाण्याचा अभिषेक करत नाहीत. देवीची गोडी लोकांना देवीच्या रोगामुळे लागली, आणि नाव ऐकताच आपली मरीआई आठवते. येथे गर्दी बायकांची, कडेवर पोरे घेतलेली, आणि शिस्त मोठ्या देवळाच्या मानाने पुष्कळच कमी. मला येथे घरच्यासारखे वाटले.

परत मोठ्या देवळाकडे येऊ, कारण भिंतीवरची सर्वांत अवघड नोंद सांगायची राहिली आहे. राजराजाने देवळाला गावे तोडून दिली. त्या गावांतली कोणती जमीन सारामाफ, हे सांगताना लेखात तळी, कालवे, स्मशाने येतात, आणि त्यांच्याच रांगेत ‘परैच्चेरी’ आणि ‘तीण्डाच्चेरी’ येतात. परैच्चेरी म्हणजे परैयरांची वस्ती. तीण्डाच्चेरी म्हणजे ज्यांना शिवायचे नाही त्यांची वस्ती. स्मशानेही काही ठिकाणी निरनिराळी नोंदलेली आहेत. या वस्त्यांतले एकही नाव मला त्या पानांत सापडले नाही. मेंढपाळाचे नाव आहे, परटाचा वाटा आहे. येथे आहे ती फक्त जमीन. मोत्यांत गोल आणि गोलसर असा भेद करणाऱ्या कारकुनाला तेथे माणसे मोजण्याचे कारण पडले नाही.

या वस्त्यांच्या वंशजांना देवळाचे दार उघडले ते १९३९ साली. त्या वर्षी ८ जुलैला मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात ए. वैद्यनाथ अय्यर यांनी दलित कार्यकर्त्यांसह प्रवेश केला. पाठोपाठ मद्रास सरकारने कायद्याचे संरक्षण दिले, आणि त्याच वर्षी तंजावरचे हे देऊळ, भोसले घराण्याच्या विश्वस्तपणाखालील इतर सुमारे नव्वद देवळांसह, सर्व हिंदूंना खुले झाले. वंशपरंपरागत विश्वस्त म्हणून ते उघडणारा हात भोसल्यांचा होता. सरफोजींच्या शिलालेखापेक्षा ही गोष्ट आपण मराठी माणसांनी अधिक सांगायला हवी, असे मला वाटते. सहलीत कोणाला ती ठाऊक नव्हती. आपल्याकडे नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालवला आणि दार उघडले नाही. पंढरपूरचे दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. म्हणजे १०१० पासून मोजले तर तंजावरला नऊशे एकोणतीस वर्षे लागली, आणि तरीही ते पंढरपूरच्या आठ वर्षे आधी.

१९८७ साली हे मंदिर जागतिक वारशाच्या यादीत गेले. पुरातत्त्व खाते इमारत सांभाळते, पूजा चालूच आहे. २०२० साली कुंभाभिषेक झाला तेव्हा मंत्र संस्कृतात म्हणावेत की तमिळमध्ये, यावर वाद न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर दोन्ही भाषांत म्हटले गेले.

कोणाला जायचे असेल त्यांच्यासाठी सांगते. दुपारी बाराच्या पुढे गाभारा बंद होतो आणि सहली जेवायला जातात. तेव्हा भिंतींपाशी कोणी नसते, पण दगड चटके देतात. मोजे घालून फिरावे. उत्तर भिंतीकडे जाताना बाहेरून वळसा पडतो, तो टाळू नये. हुल्ट्शच्या भाषांतराची पाने बरोबर असावीत, नाहीतर अक्षरे नुसती नक्षी वाटतात.

संध्याकाळी आम्ही दर्शनाला आत गेलो. आमच्यात सर्व जातींची मुले होती. रांगेत कोणी आडनाव विचारले नाही. लिंग बारा फुटांच्या आसपास उंच, दिव्यांच्या उजेडात वरचा भाग अंधारातच राहतो. मी दिव्याकडे बोट दाखवून पुजाऱ्यांना हिंदीत विचारले, तूप? त्यांना हिंदी कळत नव्हते आणि मला तमिळ येत नव्हते. ते काहीतरी म्हणाले, “एण्णै, एण्णै.” मागच्या एका बाईंनी खुणेने बाटली ओतून दाखवली. तेल होते.